मोबाइलमधला चंद्र: टिपलेला की रंगवलेला?

निशाचर: कोजागिरी झाली की ग्रुपांवर चंद्राचे फोटो येतात, विवरं मोजून घ्यावीत इतके स्वच्छ. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच फोटोंना फोटो म्हणूच नये. मार्च २०२३ मध्ये रेडिटवर एकाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं, दिवे मालवले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून सॅमसंगच्या फोनने टिपलं. पडद्यावर नसलेले तपशील फोटोत हजर! चंद्र ओळखून एआय तपशील वाढवतो, हे कंपनीनेही मग समजावून सांगितलं.

धूमकेतू: असहमत. २०१९ च्या गूगलच्या पिक्सेल ४ फोनमधला ॲस्ट्रो मोड, म्हणजे ताऱ्यांचे फोटो काढायची सोय घ्या. पृथ्वी फिरते, शटर फार वेळ उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून तो १६ सेकंदांपर्यंतच्या १५ फ्रेम घेऊन एकावर एक जुळवतो. दुर्बीणवाले हौशी लोक लॅपटॉपवर वेगळं काय करतात?

निशाचर: स्टॅकिंगला, म्हणजे फ्रेम अशा एकावर एक जुळवण्याला, माझी ना नाहीच हो. तो प्रकाश सेन्सरवर पडलेला असतो. चंद्र कायम एकच बाजू दाखवतो, त्यामुळे फोनला तो पाठ करून ठेवता येतो. हरकत त्या पाठांतराला आहे.

धूमकेतू: पिक्सेल फोनही फोटोत आकाश कुठे आहे ते ओळखून तेवढाच भाग गडद करतो. ते चालतं वाटतं?

निशाचर: गडद करणं वेगळं, नसलेलं विवर काढणं वेगळं.

सुगरण: आईला फोटो ग्रुपवर टाकून चार अंगठे मिळवायचे असतात. तिला कशाला कोर्टात उभं करताय?

वैदर्भी: सुगरणताई, आईंना माफ! पण मुख्य कॅमेऱ्यात चंद्राच्या वाट्याला रुंदीला जेमतेम पंचवीसेक पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके येतात, त्यात विवरं कुठून दिसणार? खरा हवा असेल तर लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स, सेटिंग हाताने ठरवू देणारा प्रो मोड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ५०, शटर १/५०० सेकंदाच्या आसपास. चंद्र म्हणजे उन्हातला खडक, लोक त्याला रात्रीचं सेटिंग लावतात आणि पांढरा गोळा मिळतो. आकाशगंगेला मात्र ट्रायपॉड, आयएसओ १६००, वीस सेकंद, तीन सेकंदांचा टायमर आणि अमावास्येच्या आसपासची रात्र. आमच्या पेंचला या, जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे अंधारं आकाश जपणारं ठिकाण, म्हणून जाहीर झालंय. पुण्यातल्या गच्चीवरून आकाशगंगेसाठी धनु राशीकडे फोन रोखून नारिंगी धुकंच मिळेल.

धूमकेतू: गच्चीवरून मृग छान येतो, उगाच घाबरवू नका.

वैदर्भी: मग टाका की इथे. रॉ फाइलसकट, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलसकट.