नारिंगी कोरल (प्रवाळ) दिवसभर बंदच, हे नक्की कोणतं?

खारा_टँक_इंदूर: नमस्कार मंडळी, ३ आठवड्यांपूर्वी माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी दुकानदाराने एक कोरल गोनिओपोरा जातीचं म्हणून दिलं, गडद नारिंगी गोळा आहे आणि दिवसभर मिटलेलं असतं, मी लाईट वाढवून वाढवून थकलो पण ढिम्म! काल रात्री पोहे खायला सराफ्यात गेलो होतो, १२ ला परत येऊन बघतो तर पिवळी फुलं उमललेली. काय प्रकार आहे?

मावशी_रीफवाली: अरे हे सन कोरल, ट्यूबॅस्ट्रिया. गोनिओपोराचे पॉलिप (ती फुलासारखी तोंडं) लांब दांड्याचे आणि दिवसा उघडे, प्रत्येकाला २४ टेंटॅकल, म्हणजे पाकळ्यांसारखे हात. ह्याच्या अंगात उजेडावर अन्न बनवणारं शेवाळ नसतं म्हणून लाईटचा काही उपयोग नाही, तुलाच भरवावं लागणार बाळा. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) टँकच्या पाण्यात वितळव, आधी थोडं ते पाणीच सोड, वासाने उघडतं, मग पंप बंद करून पिपेटने एकेका तोंडाला दे. आठवड्यातून २-३ वेळा. एकाने खाल्लं म्हणजे सगळ्यांचं पोट भरलं असं होत नाही, शेजारचा उपाशी राहू शकतो.

खारा_टँक_इंदूर: बापरे, माझी कोळंबी तर सगळं पळवते

नर्मदाकाठ: कापलेली बाटली उलटी झाक त्यावर, अर्धा तास. उरलेलं काढ, नाहीतर ते कुजून पाण्यात नायट्रेट चढतं. आणि बिल, कागद घेतलेस का? आपल्या समुद्रातली दगडी कोरलं वन्यजीव कायद्याच्या शेड्युल १ मध्ये, म्हणजे कडक संरक्षणाच्या यादीत आहेत.

खारा_टँक_इंदूर: कागद नाही दिले 😐 उद्याच जाऊन विचारतो