मदत हवी आहे : 'प्रॉस्पेरिटी' म्हणजे समृद्धी, भरभराट की सुबत्ता?

नमस्कार मंडळी,

आर्थिक इतिहासावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करते आहे. त्यात 'प्रॉस्पेरिटी' हा शब्द पानोपानी येतो आणि दर वेळी त्याचा रोख वेगळा असतो. कोशात समृद्धी, भरभराट, उत्कर्ष, वैभव अशी रांग मिळते, पण कुठला शब्द कुठे चालेल ते कळत नाही. संपादकांचा आग्रह आहे की पुस्तकभर एकच प्रतिशब्द ठेवावा. एरवी मलाही ते पटतं, पण इथे अर्थाचा बळी जाईल अशी भीती वाटते.

सगळ्यात जास्त अडले आहे ती 'शेअर्ड प्रॉस्पेरिटी'वर. जागतिक बँकेने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या दोन उद्दिष्टांपैकी हे एक. देशातल्या तळाच्या ४० टक्के लोकांचं उत्पन्न किंवा उपभोग किती वेगाने वाढतो, यावर ते मोजायचं ठरलं. 'सामायिक समृद्धी' कानाला बरं लागतं, पण 'सामायिक' म्हटलं की सामायिक विहीर, सामायिक सातबारा आठवतो, म्हणजे एकाच वस्तूचे अनेक मालक. इथे तसं काही नाही. शिवाय मोजली जाते ती वाढ, आणि 'समृद्धी' ऐकताना तर गाठीशी असलेलं धन डोळ्यांसमोर येतं.

दुसरी जागा १९२० च्या दशकातल्या अमेरिकेची. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या नावाने ओळखली जाणारी 'प्रॉस्पेरिटी' आणि शेअर बाजारातला 'बूम' लेखकाने एकाच वाक्यात आणले आहेत. बूमला 'तेजी' केलं. मग दुसऱ्याला काय?

तिसरी, इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकनचा १६२५ चा निबंध. त्यात हा शब्द 'अ‍ॅडव्हर्सिटी'च्या, म्हणजे विपत्तीच्या, जोडीने येतो. तिथे 'समृद्धी' लिहून पाहिलं, वाक्य अगदीच पांगळं झालं.

आणि 'प्रॉस्पर' हे क्रियापद कसं वापरतात, 'थ्राइव्ह' आणि 'फ्लरिश'हून ते वेगळं कसं, हेही कुणी समजावून सांगितलं तर फार मदत होईल.

प्रतिसाद :
ताई, एकच प्रतिशब्द ठेवण्याचा हट्ट इथे सोडायलाच हवा. मी एक कसोटी वापरतो : त्या वाक्यात या शब्दाच्या समोर काय उभं आहे ते बघायचं. समोर मंदी असेल तर 'भरभराट', दारिद्र्य असेल तर 'समृद्धी', संकट असेल तर यातलं काहीच नाही. बेकनच्या जोडीला आपल्याकडे संपत्काळ आणि विपत्काळ अशी तयार जोडी आहे, तीच घ्या. लॅटिन 'प्रॉस्पेरस'चा अर्थही अनुकूल, मनासारखं घडणारं असाच आहे. पैशाचा रंग इंग्रजीत पुढे गडद होत गेला.
कूलिजच्या काळाला 'भरभराट'च. तेजी बाजारात येते, भरभराट देशाची किंवा धंद्याची होते. 'सुबत्ता' मात्र जपून वापरा. त्यात धान्य, माल, वस्तू मुबलक असण्यावर भर आहे.

प्रतिसाद :
क्रियापदाबद्दल. आजच्या इंग्रजीत 'प्रॉस्पर' अकर्मक आहे. माणूस, धंदा, शहर 'प्रॉस्पर' होतं. जुन्या इंग्रजीत ते सकर्मकही होतं : १६११ च्या बायबलमध्ये देव माणसाचा मार्ग 'प्रॉस्पर' करतो, म्हणजे त्याच्या कामाला यश देतो. मराठीत भरभराटीला येणे, ऊर्जितावस्थेला येणे, बरकत येणे, यातलं संदर्भाप्रमाणे घ्यावं. 'थ्राइव्ह'मध्ये जोम आहे, म्हणून रोपटं, मूल, प्राणी यांना तो शोभतो आणि आपलं 'तरारणे' त्याच्या जवळ जातं. 'फ्लरिश' कलेला, विद्येला जास्त चालतो, तिथे 'बहरणे'. पैशापाण्याची बाजू ठळक करायची असेल तरच 'प्रॉस्पर'. नामाबद्दल एवढंच की ते सहसा अनेकवचनात येत नाही, तेव्हा 'समृद्धींचे प्रकार' वगैरे रचना टाळा.

प्रतिसाद (धागाकर्ती) :
दोघांचेही मनापासून आभार. समोरचा शब्द बघण्याची कसोटी लगेच दोन प्रकरणांवर लावून पाहिली, बहुतेक गाठी सुटल्या. संपत्काळ तर नक्कीच घेते. जपानने १९४० मध्ये जाहीर केलेल्या पूर्व आशियाच्या 'को-प्रॉस्पेरिटी' क्षेत्राला 'सहसमृद्धी' ठेवते आहे, आणि तेही अवतरणचिन्हांत. तो साम्राज्याच्या प्रचाराचा शब्द होता. लष्करी वर्चस्वाखालच्या देशांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे त्याच प्रकरणात पुढे येतं आणि वाचकाने तो शब्द सरळ अर्थाने घेऊ नये असं मला फार वाटतं.

'शेअर्ड'चं मात्र अजून अडलेलंच आहे. 'सर्वांच्या वाट्याची भरभराट' असं सध्या लिहून ठेवलंय. अर्थ पोचतो, पण तक्त्याच्या मथळ्यात ते मावत नाही. दोन शब्दांत बसेल असं काही सुचलं तर कृपया लिहा.