कात्रज मेट्रोला तीन स्टेशनं पुरली असती का?

सातारारोडवाला

पुण्यातली स्वारगेट–कात्रज भुयारी मेट्रो, म्हणजे पिंपरीहून स्वारगेटला येणाऱ्या मार्गाचाच पुढचा तुकडा, ५.४६ किलोमीटरची. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने मंजुरी दिली तेव्हा तिच्यावर तीनच स्टेशनं होती: मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. मग ओरड झाली. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बिबवेवाडी आणि बालाजीनगर अशी दोन वाढवली आणि कात्रजचं स्टेशन सुमारे ४२१ मीटर दक्षिणेला सरकवलं. या सगळ्याचा जादा खर्च ६८३ कोटी.

ओळखीतले निम्मे लोक म्हणतात, पैसे पाण्यात. मला उलट वाटतं, की हे पहिल्याच आराखड्यात हवं होतं. आमची आई सत्तरीची आहे, बालाजीनगरला राहते. तिला म्हणायचं, पद्मावतीपर्यंत जा आणि तिथून मेट्रो धर. म्हणजे आधी रिक्षा. रिक्षात बसलीच तर ती सरळ स्वारगेटला उतरेल, मेट्रो कशाला? भुयारी मेट्रो म्हणजे जमिनीखाली काय आहे ते नव्हे, जिना कुठे उघडतो ते. वर येऊन अर्धा तास चालायचं असेल तर तो बोगदा आपल्यासाठी नाहीच.

हिशेबी

पटलं नाही. दोन स्टेशनं आणि एकाची सरकासरकी, ६८३ कोटी. तेवढ्यात मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज या तिन्ही ठिकाणांहून आतल्या गल्ल्यांत दर पाच मिनिटांनी छोट्या बस फिरवल्या असत्या, आणि त्या पुढच्या वर्षी सुरू झाल्या असत्या. बोगद्याला किती वर्षं लागणार ते आपण पाहिलंय. पहिल्या टप्प्याचं भूमिपूजन डिसेंबर २०१६चं, आणि जिल्हा न्यायालय ते स्वारगेट गाडी धावली २९ सप्टेंबर २०२४ला.

दुसरं, कात्रजहून पिंपरीला जाणाऱ्याचा विचार कोणी करतंय का? प्रत्येक थांब्याला ब्रेक, दारं, परत वेग. तुमच्या आईची दहा मिनिटं वाचवायला हजारो लोकांची रोज दोन-तीन मिनिटं जाणार. आज बिबवेवाडी मिळाली, उद्या धनकवडीवाले उठतील, परवा आणखी कोणी. स्टेशन मागणं फुकट असतं, म्हणून प्रत्येक नगरसेवक मागतो.

सातारारोडवाला

दोन मिनिटं हजारो लोकांची, कबूल. पण ते हजारो लोक बसलेले असतात हो, एसीत. माझी आई उन्हात चालत असते. मिनिट आणि मिनिट सारखं नसतं.

आणि बसचं म्हणाल तर याच सातारा रस्त्यावर २००६च्या डिसेंबरात बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली होती, देशातली पहिली म्हणून कौतुक झालं होतं. बस रस्त्याच्या मधोमध, प्रवासी कडेला, आणि दोघांच्या मध्ये सगळी वाहनं. आजही तो रस्ता ओलांडताना देव आठवतो. बस वाईट नव्हती, थांबा चुकीच्या जागी होता.

कसब्यातला

दोघेही आकड्यांत बोलताय. आमच्याकडे कसबा पेठेत स्टेशन कुठे काढायचं हा प्रश्न नकाशावरचा नव्हता, घराघरांतला होता.

आधीच्या आराखड्यात स्टेशन फडके हौद चौकाच्या आसपास होतं, म्हणजे वस्तीच्या बरोबर डोक्यावर. लोकांना कळलं ते कधी? माणसं मोजपट्ट्या घेऊन वाड्यात शिरली तेव्हा. आमच्या शेजारी तीन पिढ्यांचे भाडेकरू. कागदावर नाव एकाचं, राहणारे सात. त्यांना मोबदला कोण आणि कशाच्या आधारावर देणार? मोर्चे निघाले, बैठका झाल्या, आणि शेवटी स्टेशन महापालिकेच्या दादोजी कोंडदेव शाळेच्या जागेकडे सरकलं. तरी काहींना जावं लागलंच.

म्हणून कुणी ‘स्टेशन लोकांच्या दारात हवं’ म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. दारात म्हणजे कोणाच्या दारात? आणि दार पाडून की शेजारी?

तळ्यातमळ्यात

कसब्यातल्या मित्रा, तुमचं दुःख खोटं नाही. पण त्या सरकवण्याची किंमत रोज कोण भरतं तेही सांगू दे. बोगदा लक्ष्मी रोडच्या खालून जातो, आणि लक्ष्मी रोडवर उतरायला जागा नाही. एक स्टेशन कसब्यात, दुसरं मंडईला. पुण्यातला सगळ्यात गजबजलेला खरेदीचा रस्ता, आणि मेट्रो त्याला खालून नमस्कार करून पुढे जाते.

कसब्यातला

मंडईहून लक्ष्मी रोड पाच-सात मिनिटं आहे. चालायला काय होतं? बायकोबरोबर साडी घ्यायला गेलात तर त्याच्या दसपट चालता.

तळ्यातमळ्यात

पाच-सात मिनिटं फुटपाथ असेल तर. तिथे फुटपाथवर दुचाकी, दुचाकीवर पाट्या, पाट्यांवर ‘येथे वाहने लावू नयेत’.

(साडीचा मुद्दा मात्र मान्य.)

नदीकाठ

स्टेशन चुकीच्या जागी गेलं की काय होतं ते बघायचं तर डेक्कनला या. वनाज–रामवाडी मार्गिका जंगली महाराज रस्त्यावरून न नेता मुठेच्या काठाने नेली. पावणेदोन किलोमीटरच्या आसपासचा तो तुकडा नदीपात्रात, त्यावरून २०१६मध्ये हरित लवादात खटला उभा राहिला. मी तेव्हा विरोधात होते, आजही आहे, पण आज फक्त नदीचं बोलत नाही. डेक्कन स्टेशनला उतरलेला माणूस पेठेत जायचं म्हटलं तर नदीच्या चुकीच्या बाजूला उभा असतो. मग त्याच्यासाठी नारायण पेठेकडे जाणारा पादचारी पूल, आणि त्याच्या कामासाठी भिडे पूल महिनोन्महिने बंद. सगळ्या पेठा वळसा घालून जात होत्या. काठाची जागा मोकळी आणि स्वस्त म्हणून घेतली. बाकी हिशेब आपण पेट्रोलमध्ये भरला.

हिशेबी

जंगली महाराज रस्त्यावर खांब उभे केले असते तर तुम्हीच म्हणाला असता, झाडं तोडली आणि दुकानं अंधारात गेली. वळवाव्या लागतात हो मार्गिका. रामवाडीकडे जाताना आगाखान पॅलेस आडवा आला, संरक्षित वास्तू, तर कल्याणीनगरमधून वळवली. तेव्हा कोणी ओरडलं नाही.

नदीकाठ

कल्याणीनगरचे ओरडले होते. तुम्ही तिकडे राहत नसाल.

सिडनीकर

जरा बाहेरचं उदाहरण देते, चालेल तर वाचा, नाहीतर पुढे जा. माझं माहेर शनिवार पेठ, गेली वीसेक वर्षं इथे. आमच्याकडे २०१९च्या डिसेंबरात मध्यवर्ती भागातून लाईट रेल सुरू झाली. जमिनीवरूनच. दोन गाड्या जोडून ६७ मीटर लांबीची ट्राम जॉर्ज स्ट्रीटच्या मधोमध धावते, आणि त्या रस्त्याच्या मधल्या भागातून मोटारी काढून टाकल्या. तिथे डोक्यावर तारा नाहीत, वीज दोन रुळांच्या मधल्या पट्टीतून येते.

कसब्यातल्या दादांना मात्र सांगते, इथेही घरं गेली. सरी हिल्स म्हणजे जुनी, अरुंद गल्ल्यांची वस्ती, आपल्या पेठेसारखीच दाटीवाटीची. तिथे ६९ घरांची एक अख्खी इमारत पाडली ट्रामला वाट द्यायला. जॉर्ज स्ट्रीटवरचं खोदकाम सांगितल्यापेक्षा कितीतरी लांबलं, दुकानदार कोर्टात गेले. एवढं करून त्या गल्ल्यांना मिळाला एक थांबा, बागेजवळ.

तरीही सांगते: आज जॉर्ज स्ट्रीटवर मी माझ्या लहानपणीच्या लक्ष्मी रोडपेक्षा निवांत चालते. जिने नाहीत, सरकते जिने बंद पडण्याची भीती नाही. पाऊल टाकलं की आत. आपल्या जिल्हा न्यायालय स्टेशनला मागच्या खेपेस उतरले तर ३३ मीटर खोल! सासूबाई म्हणाल्या, ‘पाताळात नेतेस का गं?’ लक्ष्मी रोडला बोगद्याऐवजी ट्राम का नाही, हे मला कोणी समजावून सांगेल का?

लकडीपूल

ताई, एका शब्दात: विसर्जन.

जरा विस्ताराने. लकडी पुलावरून (पाटीवर संभाजी पूल) मेट्रोचा पूल आडवा गेला तेव्हा, २०२१ला, आमच्या मंडळांनी काम थांबवायला लावलं होतं. कारण उंच रथ खालून जाणार कसे? मीही त्यात होतो. एका पुलावरून एवढं झालं, आणि तुम्ही लक्ष्मी रोडवर रूळ म्हणताय, जिथून सगळे मानाचे गणपती जातात.

सिडनीकर

अहो पण तारा नाहीत म्हटलं ना मी? रूळ रस्त्याच्या पातळीत असतात, त्यावरून रथ काय, ढोलपथक नाचत जाईल. ट्राम एक दिवस बंद ठेवायची.

लकडीपूल

एक दिवस? दहा दिवस. आणि रुळाच्या खाचेत ढोलपथकाचा टोल वाहणाऱ्या गाडीचं चाक अडकलं की अकरावा.

तुमचा मुद्दा वाईट नाही. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रोडचा तुकडा गाड्यांना बंद ठेवतात तेव्हा मी दुकानात असतो. सकाळी कुरकुरतो, संध्याकाळी गल्ला बघून गप्प बसतो. पण गिऱ्हाईक दुचाकीवर येतं, ती लावायला जागा मागतं, आणि दोन वर्षं रस्ता खोदलेला असेल तर ते परत येत नाही. सिडनीच्या दुकानदारांकडे वकिलाला द्यायला पैसे तरी असतील.

हिशेबी

मूळ विषय कात्रजचा होता.

तळ्यातमळ्यात

तोच चालू आहे. गणपतीत कसब्याला उतरा आणि मंडईहून परत जा, असं मेट्रोवाल्यांना सांगावं लागलं होतं, कारण एका स्टेशनचे जिने ती गर्दी पेलत नाहीत. तीनऐवजी पाच स्टेशनं म्हणजे नुसती सोय नाही, गर्दी विभागली जाते. सकाळी भारती विद्यापीठाची पोरं एकाच दारातून बाहेर पडली तर काय होईल ते बघा.

कसब्यातला

मला एवढंच विचारायचंय. बालाजीनगर आणि बिबवेवाडीच्या जिन्यांसाठी जागा कोणाच्या घेणार, हे त्या लोकांना सांगितलंय का? की परत मोजपट्टी आल्यावरच कळणार?

सातारारोडवाला

आमच्या सोसायटीत तरी कोणी आलेलं नाही. रविवारी बैठक आहे, हाच प्रश्न घेऊन जातो. आणि आणखी एक: जिना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हवा. एकाच बाजूला काढला तर आईला पुन्हा तोच सातारा रस्ता ओलांडायचाय.

हिशेबी

दोन्ही बाजूंना म्हणजे खर्च आणखी वाढला.

सातारारोडवाला

वाढू दे.