मदत हवी आहे: एकाच प्रोग्रॅममध्ये एका लायब्ररीच्या दोन आवृत्त्या, सिम्बॉलची (फंक्शन वगैरेंच्या नावांची) टक्कर

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर सी++ मध्ये काम करणाऱ्यांकडून मार्गदर्शन हवं आहे. आमचा जमीनमोजणीचा प्रोग्रॅम आम्हीच लिहिलेल्या भूमितीच्या लायब्ररीची आवृत्ती २ वापरतो. त्यात बाहेरून घेतलेलं एक प्लगइन डीएलओपनने (चालू प्रोग्रॅममध्ये लायब्ररी आणणारं फंक्शन) लोड होतं. ते आवृत्ती १ वर बांधलेलं आहे, १ ची फाइल सोबत घेऊनच येतं, आणि त्याचा सोर्स मिळणार नाही.

१ मध्ये जिओ::पॉइंट हा बिंदूचा क्लास १६ बाइटचा होता, दोन डबल. २ मध्ये उंची आली, २४ बाइट झाले. प्लगइन स्टॅकवर १६ बाइटची जागा धरतं, पण दोन्हींत नाव एकच असल्याने कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारं फंक्शन) मात्र २ चा चालतो आणि २४ बाइट लिहून मोकळा होतो. लगेच ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ आणि प्रोग्रॅम बंद. एलडी_डीबगला बाइंडिंग्ज (कोणतं नाव कुठे जोडलं जातं ते दाखवणारा पर्याय) देऊन पाहिलं, तिथेही प्लगइनचं सिम्बॉल २ ला जोडलेलं स्वच्छ दिसतं. दोन्ही फायलींचं एसओनेम (लायब्ररीच्या फाइलमध्ये नोंदवलेलं तिचं नाव) वेगळं आहे, दोन्ही मेमरीत आहेत. आरटीएलडी_लोकल (लोड केलेल्याची नावं इतरांना न दाखवणारा पर्याय) लावूनही फरक नाही, कारण लिंकर (लोड करताना नावं जोडणारा) आधी ग्लोबल स्कोपमध्ये शोधतो आणि तिथे २ आधीच बसलेली असते.

आरटीएलडी_डीपबाइंडने (आधी प्लगइनच्या स्वतःच्या लायब्ररींत शोधायला लावणारा पर्याय) क्रॅश थांबतो, पण मग अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) चालत नाही, आणि तो आम्हाला सोडायचा नाही. डीएलएमओपन (लायब्ररी पूर्ण वेगळ्या कप्प्यात लोड करणारं फंक्शन) नको, त्यात लिबसीचीही (सी ची मूळ लायब्ररी) वेगळी प्रत येते.

म्हणून २ मधलं सगळं इनलाइन नेमस्पेस (नावांचा आतला कप्पा, ज्यातली नावं बाहेरून थेट वापरता येतात) व्ही२ मध्ये टाकायचा विचार आहे. वापरणाऱ्यांनी जिओ::पॉइंटच लिहायचं, आतलं नाव जिओ::व्ही२::पॉइंट होईल. जीसीसी ५ ने २०१५ साली नव्या स्ट्रिंगसाठी असंच केलं होतं. फक्त २ बदलून भागेल का? आणि लायब्ररीत एक्स्टर्न सी ची (सी च्या पद्धतीने नाव ठेवलेली) काही फंक्शन्स आहेत, त्यांचं काय करायचं?

आधीच धन्यवाद.

प्रतिसाद १

सी++ पुरतं भागेल. प्लगइन जुनं नाव मागेल, ते २ मध्ये सापडणार नाही, मग लिंकर १ पर्यंत पोचेल. मात्र तुमच्या कोडमध्ये कुणी हेडर न घेता नेमस्पेस जिओ उघडून नुसतं क्लास पॉइंट असं घोषित केलं असेल, तर तो वेगळाच क्लास ठरतो आणि पुढे ‘अ‍ॅम्बिग्युअस’ची एरर येते. अशा घोषणा शोधून काढा, त्यांच्यासाठी एक छोटं हेडर द्या.

एक्स्टर्न सी ला नेमस्पेस लागूच होत नाही, तिथे नाव उघडंच राहतं. सिम्बॉल व्हर्जनिंगही (सिम्बॉलला आवृत्तीची खूण लावणं) इथे उपयोगाचं नाही: १ व्हर्जनशिवाय बांधलेली असेल तर प्लगइनची मागणीही बिनव्हर्जनची, आणि ती २ च्या व्हर्जनवाल्या सिम्बॉललाही चिकटू शकते. आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी करते तसं करा. तिथे मॅक्रोने प्रत्येक सी फंक्शनच्या नावाच्या शेवटी आवृत्तीचा आकडा लागतो, वापरणाऱ्याला कोड बदलावा लागत नाही.

एक विचारतो, पॉइंट प्लगइनकडून तुमच्याकडे येतो का? येत असेल तर नेमस्पेसने काही सुटणार नाही, मधे रूपांतर लिहावं लागेल.

धागाकर्ता

नाही, सीमेवर फक्त डबलची साधी अ‍ॅरे आणि तिची लांबी जाते. सी फंक्शन्स मोजकीच आहेत, मॅक्रोचं हेडर आजच करायला घेतो. जुन्या घोषणा दोन मॉड्यूलमध्ये नक्की आहेत, त्या आधी काढतो आणि मग बाइंडिंग्ज पुन्हा तपासून इथे लिहितो. मनापासून आभार.