डिश अँटेना लावल्या, सिग्नल फुल, तरी नेट अडकतं

केळीवाला_रावेर: गावातल्या पाण्याच्या टाकीवर वायफायची सेक्टर अँटेना (एका बाजूला रुंद पसरणारी) आहे, तिच्याकडे तोंड करून तीन मळ्यांत तीन छोट्या डिश, प्रत्येकीला एक कॅमेरा. सिग्नल -५८ डीबीएम, म्हणजे चांगला, एकटा कॅमेरा चालू असला की मस्त चालतं, पण तिघं चालू केले की पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) २ वरून ४०० मिलिसेकंदांवर जातो. केळीची पानं आड येतात का?

जळगावचा_भाऊ: पानं नाहीत भाऊ, पानं असती तर सिग्नलच पडला असता. वायफायचा नियम असा की आधी ऐकायचं, हवा मोकळी वाटली तरच बोलायचं. पण तुमच्या डिशचं तोंड टाकीकडे, त्यामुळे शेजारच्या मळ्यातली डिश बोलतेय हे तिला ऐकूच येत नाही, दोघी एकदम बोलतात आणि टाकीवर पॅकेट आदळतात. आरटीएस थ्रेशोल्ड (किती बाइटपेक्षा मोठ्या पॅकेटसाठी आधी परवानगी मागायची ती मर्यादा) २३४७ असेल, म्हणजे बंदच, ते ५०० करून बघा, मग डिश आधी परवानगी मागेल आणि टाकीचं उत्तर तिघींना ऐकू जाईल.

धुळे_नेटवर्क: बरोबर, पण कॅमेरे सतत बोलतात, त्यांना टीडीएमएच बरं, टाकी प्रत्येकाला वेळ वाटून देते, विहिरीच्या पाण्याची पाळी असते तसं. रेडिओ एकाच कंपनीचे लागतील. आणि डिस्टन्स सेटिंग (रेडिओला सांगितलेलं टाकीपर्यंतचं अंतर) बघा, ३ किमी जायला सिग्नलला १० मायक्रोसेकंद लागतात, तेवढेच परत यायला, सेटिंग कमी असलं तर पोचल्याची पावती यायच्या आधीच रेडिओ वाट बघणं सोडतो आणि पोचलेलं पॅकेटही पुन्हा पाठवलं जातं.

केळीवाला_रावेर: डिस्टन्स ३०० मीटरच होतं! ४ किमी केलं, आरटीएस ५००, पिंग आता ३० च्या आत. टीडीएमए रात्री लाइट आली की लावतो.