सल्ला हवा: इकोत 'हृदयाभोवती चरबी' आली, ३००० रुपयांत काय घेऊ?

जुळे_सोलापूरकर
मंडळी, वय ४६, हिशेबाचं बैठं काम. कंपनीच्या तपासणीत टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. पंपिंग ६० टक्के, झडपा ठीक, पण खाली 'एपिकार्डियल फॅट वाढलेली' अशी ओळ आहे. बीपी १४२/९०. डॉक्टर म्हणाले पोट उतरवा, तंबाखूचा मावा बंद करा, लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून परत या. वडिलांना पन्नाशीतच अ‍ॅटॅक आला होता, म्हणून धाकधूक. घरी लक्ष ठेवायला काय घेऊ? चरबी दाखवणारा वजनकाटा, बीपीचं मशीन की मनगटावरचं घड्याळ? बजेट ३०००, वर एक रुपया नाही. पोरीची फी भरायचीय.

होटगी_रोडवाला
ट्रेडमिल घ्या मालक. मी चाळीस हजाराची घेतली. लोकांच्या ट्रेडमिलवर कपडे वाळतात, आमच्या मशीनवर अजून एक टॉवेल पडलेला नाही.

जुळे_सोलापूरकर
दादा, बजेट ३०००.

होटगी_रोडवाला
हप्त्यावर मिळते की.

बाळीवेस_अण्णा
मशीनबिशीन नंतर, आधी तेल बदला. घाण्यावरचं करडईचं. आपल्याच जिल्ह्याचं पीक, आणि आपणच डबाबंद पामतेलाची भजी खातो.

शेंगाचटणी
करडईला वास येतो अण्णा. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या शेंगदाणा तेल, वर भाकरी नि शेंगाचटणी. आजोबा नव्वदीत गेले.

बाळीवेस_अण्णा
आजोबा मागावर उभे राहून राबायचे बे. तू एसीत बसतोस.

यंत्रमाग_पप्पू
मनगटावर बांधायचं बीपी मशीन चुकूनही घेऊ नका. माझं एकदा ११० दाखवतंय, लगेच पुन्हा लावलं की १६०. दुकानदार म्हणतो 'हात हलला असेल'. परत घेईना. आता पोरं डॉक्टर-डॉक्टर खेळतात त्यानं.

इको_खोलीतला
मूळचा अशोक चौकातला, आता पुण्यात इको काढायचं काम करतो. त्या ओळीनं घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. ही चरबी थोडीफार सगळ्यांनाच असते. हृदयाचा स्नायू आणि त्यावरचं पातळ आवरण यांच्या मधे ती असते, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तिच्यातूनच जातात. चरबी म्हणजे ब्लॉक नव्हे. ब्लॉक नळीच्या आत होतो. पण ही चरबी वाढली की सूज आणणारी द्रव्यं सोडते, आणि स्नायू व तिच्यामधे पडदाच नसल्यानं ती थेट शेजारी पोचतात. जिथं ती जास्त, तिथं सहसा पोटातली आतली चरबीही जास्त. पुरुषांचं वजन पोटावरच चढतं, त्यामुळे हे जास्त बघायला मिळतं.

घरी तिची जाडी मोजणारं काही मिळत नाही. त्या काट्यातून पायांत बारीक करंट जातो आणि बाकीचा अंदाज बांधला जातो. पाणी कमीजास्त प्यालात तरी आकडा हलतो. हृदयाचं त्याला काही कळत नाही.

कुंभार_वेस
खरंय. मामेभावाला एका ठिकाणी इकोत 'हृदयाभोवती पाणी' सांगितलं. घरात रडारड. दुसरीकडं दाखवलं तर चरबी निघाली!

इको_खोलीतला
होतं तसं, पडद्यावर दोन्ही काळंच दिसू शकतं.

विजापूर_रोड_९
मी म्हणतो सरळ सीटी अँजिओ, म्हणजे हृदयाच्या नळ्यांचा स्कॅन करून मोकळे व्हा. माझी झाली, सगळं क्लिअर. रात्री मटण खाल्लं.

शेंगाचटणी
३००० रुपयांत अँजिओ? सिद्धेश्वर यात्रेत लागते का सेल?

इको_खोलीतला
त्रास नसताना आपल्या मनानं सीटी करायची नसते, डॉक्टरांना ठरवू द्या. मात्र चालताना छाती दाटली, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, घाम फुटला, तर धाग्यावर विचारत बसू नका, १०८ लावा.

बाकी दहा रुपयांचा शिंप्याचा टेप आणा. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंमीची हद्द आहे. ती ओलांडली, शिवाय बीपी १३०/८५ च्या वर, उपाशीपोटी साखर १०० च्या वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० च्या खाली, यातल्या कुठल्याही तीन गोष्टी जमल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका जास्त. वडिलांचं सांगितलंत म्हणून लिपिडसोबत लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा रक्तातला एक कण) एकदा तपासायचं का, तेही डॉक्टरांना विचारा. ते बहुतेक आईवडिलांकडूनच येतं, व्यायामानं उतरत नाही.

यंत्रमाग_पप्पू
म्हणजे बीपी मशीनच ना? मनगटाचं नको, मी आधीच सांगितलं होतं.

इको_खोलीतला
हो, दंडाचं. दंडाचा घेर मोजून पट्टा घ्या, लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. चहा-मावा झाल्यावर अर्धा तास थांबा, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, मग दोनदा मोजा. घरी सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे.

कंबर_तलाव_फेरी
व्यायामाचं कुणी बोलेना. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या एका प्रयोगात पोट सुटलेल्या, बैठ्या लोकांना १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम दिला. दमछाक होणाऱ्या व्यायामानं आणि वजनं उचलण्यानंही ही हृदयालगतची चरबी घटली. बाहेरच्या आवरणावरची मात्र वजनं उचलणाऱ्यांचीच घटली. प्रयोग लहान होता, पण फुकटचा उपाय आहे. संभाजी तलावाला या, आमची टोळी असते.

होटगी_रोडवाला
एप्रिलमध्ये सोलापुरात बाहेर चालणार? म्हणून ट्रेडमिल.

बाळीवेस_अण्णा
आणि मावा? तंबाखू गालात धरून करडईचं तेल खाल्लं तरी उपयोग नाही. सगळ्यात स्वस्त उपाय तोच, ३००० उलट वाचतील.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे आभार. टेप लावला, १०२ आलं. बायको म्हणाली पुन्हा मोजा, तर १०३. मावा दिवसाला अर्ध्यावर आणलाय. आणि काटा मागवला, २४०० ला. ऑफर आज रात्रीच संपत होती. बीपी शेजारच्या काकांच्या मशीनवर बघेन.

यंत्रमाग_पप्पू
अहो, काटाच? एवढं वाचून?

इको_खोलीतला
असू द्या. काकांचा पट्टा तुमच्या दंडाला पुरतोय का तेवढं बघा. अर्धा मावाही माव्यातच मोजतात.

शेंगाचटणी
अण्णा, करडईचा घाणा कुठला म्हणालात? बघतो एक लिटर आणून.