चित्रपट पाहिलाच नाही, तरी त्याचे गाणे आपले कसे होते?

पूर्णाकाठ (परभणी जिल्हा) यांचा प्रश्न

या दिवाळीत गावी गेलो असताना आई ओसरीत उडीद निवडत बसली होती आणि नेहमीप्रमाणे ‘नभं उतरू आलं’ गुणगुणत होती. हे गाणे मी लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकत आलो आहे; पण ते कोणत्या चित्रपटातले आहे, हे तिला ठाऊक आहे की नाही, असा प्रश्न मला या वेळी प्रथमच पडला. मी विचारले तेव्हा तिने मान वर न करता सांगितले, “रेडिओतलं हाय.” अधिक चौकशी केल्यावर कळले की तिने ‘जैत रे जैत’ कधी पाहिलेलाच नाही. त्या काळी आमच्या गावाला चित्रपट म्हणजे जत्रेतला तंबू एवढेच ठाऊक होते, आणि लग्न झालेल्या बाईने रात्री त्या तंबूत जाऊन बसण्याचा प्रश्नच नव्हता. गाणे तिच्यापर्यंत आले ते परभणी आकाशवाणीवरून, सासऱ्यांनी आणलेल्या रेडिओतून.

डॉ. जब्बार पटेल यांनी 1977 साली हा चित्रपट गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून केला. संगीत पंडित हृदयनाथ मंगेशकरांचे, शब्द ना. धों. महानोरांचे आणि या गाण्यातला आवाज आशा भोसले यांचा. कथा सह्याद्रीतल्या ठाकर समाजाची आहे. माझ्या आईने सह्याद्री पाहिलेला नाही, ठाकर कोण हे तिला माहीत नाही, चिंधी आणि नाग्या ही नावे तिने ऐकलेली नाहीत. तरीही त्या गाण्यातले ‘वलं’ हे अक्षरही ती इतक्या सहजपणे उच्चारते की जणू ते गाणे तिच्याच बोलण्यातून उचलले असावे.

चित्रपटाचे संगीत चित्रपटासाठी असते, असे आपण गृहीत धरतो. मग ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्या आयुष्यात ते नेमके काय करते? आणि ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते वेगळे ऐकू येते का? आपल्या आवडीच्या एखाद्या चित्रपटाच्या संगीताबद्दल, ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले यासह, लिहावे अशी विनंती आहे. नुसत्या याद्या नकोत. त्या सगळीकडे मिळतात.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

आपल्या मातोश्रींना ते शब्द स्वतःचे वाटतात यात नवल नाही, कारण ते बऱ्याच अंशी त्यांचेच आहेत. महानोर अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याचे, सोयगाव तालुक्यातले, हयातभर शेती केलेले. त्यांनी ठाकरांसाठी गाणी लिहिली खरी, परंतु त्या गाण्यांतली जांभळे, ओल आणि आभाळ ही सगळी त्यांच्या स्वतःच्या रानातून आलेली असावीत असे मला नेहमी वाटते. पुढे ‘सर्जा’साठी लिहिलेल्या गाण्यात त्यांनी ‘आबादानी’ हा शब्द वापरला. मूळ फारसी वळणाचा हा शब्द आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी निजामाच्या राजवटीपासून रुळलेला आहे. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांना तो नवा वाटला असेल. आमच्या आजीला त्यात काही विशेष वाटले नसते.

माझ्या आवडीचा चित्रपट मात्र हिंदी आहे आणि तोही याच मातीशी बांधलेला आहे. सागर सरहदी यांचा 1982 सालचा ‘बाजार’ हैदराबादेत घडतो. गरिबीपायी मुलींची लग्ने परदेशातल्या पैसेवाल्यांशी लावून देण्याच्या व्यवहाराची ती कथा आहे. खय्याम यांनी त्यासाठी नव्या गीतांच्या बरोबरीने शायरी निवडली. त्यात अठराव्या शतकातला मीर तकी मीर आहे, हैदराबादचे मखदूम मोहिउद्दीन आहेत आणि भूपिंदर सिंग यांनी गायलेले ‘करोगे याद तो हर बात याद आएगी’ आहे. हे शेवटचे गीत बशर नवाज यांचे. ते आमच्या शहरात राहत होते आणि 2015 साली त्यांचे निधन झाले.

महाविद्यालयात असताना आम्ही मित्र ते गाणे रात्र रात्र ऐकत असू. ते लिहिणारा माणूस आपल्या वसतिगृहापासून फार दूर राहत नाही, हे आम्हांला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. कॅसेटच्या वेष्टनावरचे बारीक अक्षर कोण वाचतो! ज्या दिवशी कळले त्या दिवसापासून ते गाणे मला मुंबईचे किंवा हैदराबादचे न वाटता जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांचे वाटू लागले. चाल बदलली नाही, आवाज बदलला नाही, माझे ऐकणे तेवढे बदलले. आपण विचारलेल्या ‘वाटे’बद्दल मी एवढेच सांगू शकतो की कधी कधी गाणे आधी येते आणि त्याचा पत्ता मागाहून सापडतो.

मूकपट (नांदेड) यांचे उत्तर

चर्चेचा सूर मला पटलेला नाही. आपण सर्व जण चित्रपटातील गीतांविषयी बोलत आहात. चित्रपटसंगीत ही त्याहून निराळी गोष्ट आहे. दृश्याखाली वाजणारे, प्रेक्षकाच्या लक्षातही न येणारे, पण नेमके तेथून काढून घेतले तर दृश्य कोसळेल असे जे संगीत असते, ते चित्रपटाचे. पंडित रविशंकर यांनी ‘पथेर पांचाली’चे संगीत एका रात्रीत ध्वनिमुद्रित केले, त्यात पडद्यावर ओठ हलवून म्हटलेले एकही लोकप्रिय गीत नाही, तरीही त्या सतारीवाचून दुर्गा आणि अपू यांची आठवण होत नाही. आपल्याकडे भास्कर चंदावरकरांनी या अंगाचा फार विचार केला, पण ‘सामना’चे नाव काढले की लोकांना ‘कुणाच्या खांद्यावर’ एवढेच आठवते. पूर्णाकाठ यांच्या मातोश्रींनी जे जपले ते आकाशवाणीचे संगीत आहे. चित्रपट तेथे केवळ निमित्तमात्र होता. ही मी तक्रार म्हणून लिहीत नाही, फरक स्पष्ट असावा म्हणून लिहितो.

मांजराकाठ (लातूर) यांचे उत्तर

‘मूकपट’ यांनी केलेला फरक शास्त्र म्हणून बरोबर असेल, परंतु एका उन्हाळ्याने माझ्यापुरता तो पुसून टाकला आहे.

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावण्यात आली होती. घागरी, ड्रम आणि कॅन यांच्या रांगा सोडून त्या दिवसांत दुसरे काही आठवत नाही. आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेला ‘सैराट’ आला.

चित्रपटगृहात मी जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. परशा धावत येऊन विहिरीत सूर मारतो, तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ पडद्यावरच्या नायकाकडे न पाहता विहिरीकडे पाहत होते. “केवढं पाणी आहे!” असे ते हळूच म्हणाले आणि मागच्या रांगेतले चारपाच जण हसले. ते हसणे मला नीट सांगता येणार नाही. ‘झिंगाट’ सुरू झाले तेव्हा मात्र अर्धे चित्रपटगृह पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत जाऊन नाचले. ज्या मुलांनी सकाळी टँकरमागे धावून घागरी भरल्या होत्या, त्यांच्यातलीच ती मुले होती. त्यांतल्या दोघांना मी ओळखत होतो.

अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी अमेरिकेत, लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, याची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली आणि काहींनी तिला उधळपट्टीही म्हटले. मला त्यात उधळपट्टी दिसली नाही. करमाळ्याकडचे रान, तिथली पोरे, तिथली बोली. असले प्रेम आजवर फार तर एका पेटीवर आणि ढोलकीवर भागवले गेले होते. आमच्यासारख्या माणसांच्या शिवारावर एवढी व्हायोलिने एकाच वेळी वाजू शकतात, आपल्या गावच्या पोरीने ट्रॅक्टर चालवण्याला एवढ्या मोठ्या संगीताची सोबत मिळू शकते, हे ऐकताना छाती भरून आली. मान मिळणे म्हणतात ते हेच असावे.

आणि आता ‘मूकपट’ यांच्या मुद्द्याकडे येतो. त्याच चित्रपटाच्या अखेरीस संगीत थांबते. ते लहान मूल दाराबाहेर पडते, त्याच्या पावलांचे ठसे उमटतात आणि आवाज काढून घेतलेला असतो. चित्रपटाच्या पूर्वार्धात आपल्याला इतके भरभरून ऐकवले नसते, तर ती शांतता अशी अंगावर आली असती का? नाचलेली ती दोन मुले माझ्यापुढून बाहेर पडली. त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, बोलण्याचा नव्हता. म्हणून गीत निराळे आणि पार्श्वसंगीत निराळे, ही वाटणी निदान येथे तरी मला करता येत नाही.

त्या मे महिन्यात आमच्या गल्लीत एक लग्न झाले. पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी जार विकत आणले होते. वरातीत ‘झिंगाट’ तीन वेळा वाजले.

टाळकरी (पैठण) यांचे उत्तर

एक छोटीशी भर घालतो. ‘आधी बीज एकले’ हे पद मी कीर्तनांतून तुकोबांचा अभंग म्हणून अनेकदा ऐकले आहे आणि स्वतःही टाळ धरून त्यामागे म्हटले आहे. ते तुकोबांचे नाही. प्रभातच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’साठी ते शांताराम आठवले यांनी लिहिले आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल लावली. मी ही गोष्ट आमच्या फडावरच्या एका वयोवृद्धांना सांगितली तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग आठवल्यांना तुकोबांनीच सांगितलं असेल.” मी वाद घातला नाही.

क्लॅरिनेटवाला (जालना) यांचे उत्तर

मी तीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, त्यामुळे या प्रश्नाकडे जरा निराळ्या बाजूने पाहतो. आमच्याकडे गाणे येते तेव्हा त्याचे शब्द गळून पडलेले असतात, गायक नसतो, वाद्यवृंदही नसतो. क्लॅरिनेट, एकदोन ट्रम्पेट, ड्रम, एवढ्यावर जे उभे राहते ते टिकते. मुखडा एका श्वासात बसला पाहिजे आणि तो ऐकून रस्त्याच्या पलीकडच्या पानटपरीवरच्या माणसाला गाणे ओळखता आले पाहिजे. हल्लीची कित्येक गाणी डीजेवर दणदणीत वाटतात. वाद्यावर घेतली की त्यांत चार सूरसुद्धा सापडत नाहीत. ‘झिंगाट’ मात्र कशावरही वाजते. हिंदी आणि कन्नड रूपांतरांतही तीच चाल गेली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

चित्रपट विसरून संगीत कसे उरते याचे माझ्या धंद्यातले सर्वांत मोठे उदाहरण पाठवणीचे आहे. सुपारी घेतानाच मुलीचे वडील ‘बाबुल की दुआएँ’ सांगून ठेवतात. ते 1968 च्या ‘नीलकमल’मधले, संगीत रवी यांचे, शब्द साहिर लुधियानवींचे आणि आवाज महंमद रफींचा. आता त्या चित्रपटाची कथा अशी की पूर्वजन्मीच्या प्रियकराची हाक ऐकून नायिका झोपेत चालू लागते आणि त्यावरून सासरी तिचा पुरेपूर छळ होतो. मुलीच्या सुखी संसारासाठी हे गाणे हट्टाने वाजवून घेणाऱ्या पित्याला हे कथानक आठवले, तर तो आम्हांला तिथल्या तिथे थांबवील. पण एकालाही ते आठवत नाही, आणि आम्हीही आठवण करून देत नाही. पहिली ओळ सुरू झाली की मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. मी त्या वेळी नवरीकडे पाहत नाही. पाहिले की फुंक चुकते.

पूर्णाकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘मूकपट’ यांचा आक्षेप वाचून मला वाटले की निदान एकदा तरी आईला पूर्ण चित्रपट दाखवावा. मागच्या रविवारी तिला समोर बसवून ‘जैत रे जैत’ लावला. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांचे काम तिला आवडले. ढोल वाजू लागले की तिचा पाय आपोआप ताल धरत होता. ‘मी रात टाकली’ ऐकून तिने ते ओळखल्याची मान हलवली. मी मात्र तिच्या गाण्याची वाट पाहत होतो.

ते आले आणि ती एकदम गप्प झाली. संपल्यावर आवडले का म्हणून विचारले, तर थोडा वेळ विचार करून म्हणाली, “गाणं तेच हाय. पण ह्यात समदा डोंगरच दिसतो. माझ्या गाण्यात आपला वढा व्हता, पलीकडच्या बांधावरची बाभळ व्हती.” पुढचा चित्रपट तिने शेवटपर्यंत पाहिला. संध्याकाळी चुलीपुढे बसून पुन्हा तेच गाणे गुणगुणत होती.